साहेबाचा सण, आमची दौड

आमच्या कंपूत प्रत्येकाजवळ किश्श्यांचा एकेक साठा आहे. कुणी कोर्टात कारकुनी करून जमवला, कुणी सासुरवाडीला जाऊन. किस्से असे ठरवून जमत नाहीत. एखादं काम आपण सरळ मनानं अंगावर घेतो आणि ते वाकडं होत जातं. घरी येऊन डोकं धरून बसतो, आणि महिनाभरानं तीच गोष्ट सांगताना लोक हसायला लागतात! माझं डोकं धरायचं काम म्हणजे आमच्या व्यायाम मंडळाची दौड.

तुम्ही म्हणाल, पळण्याच्या शर्यतीत किस्से कसले? माणसं एका ठिकाणाहून सुटणार, दुसऱ्या ठिकाणी पोचणार, पहिल्याच्या गळ्यात हार घालायचा आणि घरी जायचं. मलाही असंच वाटलं होतं. म्हणून तर सेक्रेटरी झालो!

मंडळाचे अध्यक्ष होते रावसाहेब. पेन्शनीत निघालेले मामलेदार. ते एकदा पुण्याला गेले आणि तिथं साहेब लोकांना सकाळच्या थंडीत पळताना बघून आले. "आपण का पळू नये?" असं त्यांनी आल्या आल्या विचारलं. 'आपण' म्हणजे रावसाहेब सोडून बाकी सगळे. दिवस ठरला नाताळचा. त्या दिवशी गिरण्या बंद, शाळा बंद, कचेऱ्या बंद. सोलापूरच्या सात रस्ता चौकातून सुटायचं, पेठांमधून वळसा घालायचा आणि अक्कलकोट रस्त्याच्या तोंडाशी आमच्या मंडळाचं मैदान होतं तिथं पोचायचं.

मी हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. रावसाहेब म्हणाले, "मास्तर, तुम्हाला रेघा चांगल्या मारता येतात. सुरुवातीची रेघ तुम्ही मारा आणि शेवटचीही तुम्हीच मारा."

त्या दोन रेघांच्या मधलं सगळं माझ्या गळ्यात पडलं!

* * *

पळायला माणसं हवीत म्हणून मी पहिल्यांदा गेलो तालमीत. वस्ताद अंगाला तेल चोळून घेत बसले होते.

"वस्ताद, नाताळला शर्यत आहे. तुमची पोरं पाठवा."

"आमची पोरं कवा मागं हटली हायती? कसली शर्यत?"

"पळण्याची."

जोर काढणारे जोर काढायचे थांबले. वस्तादांनी चोळणाऱ्याचा हात बाजूला केला.

"मास्तर, आमी ह्या पोरास्नी रोज काय सांगतो? हाडं मोडली तरी चालतील, पर पळायचं न्हाय. आन् तुमी म्हनता पळा? लोकं काय म्हनतील? आख्खी तालीम पळाली म्हनतील!"

मी तसाच रावसाहेबांकडं आलो. त्यांनी डोळे मिटले, थोडा विचार केला आणि म्हणाले, "पळणं म्हणूच नका. दौड म्हणा."

दुसऱ्या दिवशी परत तालमीत. "वस्ताद, चूक झाली. दौड आहे."

"दौड व्हय? मग आंदी बोलायचं न्हवं का! समदी येतील!"

समदी आली. त्यांत निलाप्पा नावाचा एक पैलवान होता. उभा राहिला की मागचा माणूस दिसायचा नाही, इतका रुंद. बक्षिसं वाटून झाली, मांडवाच्या कनाती सोडायला घेतल्या, तेव्हा निलाप्पा मैदानात आला. बिचाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून मी हळूच म्हटलं, "निलाप्पा, आलास हे चांगलं झालं. पण नंबर शेवटचा हं."

त्यानं छातीवरचा घाम निपटला आणि रिकाम्या मैदानाकडं बघत म्हणाला, "शेवटचा कसा? बाकीची समदी पळून गेली न्हवं का! टिकलो त्यो मी येकलाच!"

* * *

दौडीला परवानगी लागायची. ते दिवसच तसे होते. चार माणसं एका दिशेनं निघाली की इंग्रज सरकारला कापरं भरायचं. एका वर्षी चौकीवर नवे फौजदार आले होते. मी अर्ज घेऊन गेलो. फौजदारांनी तो दोनदा वाचला.

"कोण पळणार?"

"पेठेतली पोरं, गिरणीतले कामगार, तालमीतले पैलवान."

"कशापासून?"

"म्हणजे?"

"म्हणजे माणूस उगीच पळत नाही, मास्तर. एक तर तो कुणाच्या मागं लागलेला असतो, नाही तर त्याच्या मागं कुणी लागलेलं असतं. यातलं कोणतं?"

"दोन्ही नाही, साहेब. नुसतं पळायचं."

फौजदारांनी टाक खाली ठेवला. "नुसतं?"

"नुसतं!"

"घोषणा कसल्या देणार?"

"पळताना दम लागतो, साहेब. घोषणा कुठून देणार?"

"टोप्या कुठल्या घालणार? पांढऱ्या?"

"टोप्याच घालणार नाहीत."

"बोडके पळणार?" आता मात्र फौजदारांचा चेहरा बदलला. शेजारी उभा असलेला हवालदार वाकून म्हणाला, "साहेब, समदी बोडकी पळाली तर उद्याच्याला वळखायची कशी?"

परवानगी मिळाली, पण अटींवर. झेंडे आणू नयेत. काठ्या आणू नयेत. घोषणा देऊ नयेत. आणि शेवटची अट: 'शर्यतीत भाग घेणाऱ्यांनी रस्त्याच्या कडेने शांतपणे चालत जावे.'

मी कपाळाला हात लावून तो कागद रावसाहेबांना दाखवला. सगळी हयात मामलेदारी केलेला माणूस. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि म्हणाले, "बरोबर आहे. मी असतो तर असंच लिहिलं असतं."

दौडीच्या दिवशी अट पाळली जाते की नाही हे बघायला तोच हवालदार आला. पायात बूट, पोटऱ्यांना पट्ट्या. शिट्टी झाली, सगळे सुटले, आणि हा त्यांच्या मागून, "चाला! चाला! पळू नका!" ओरडत पळत सुटला. एकेकाला गाठून दम देत देत तो मैदानावर पोचला, तेव्हा त्याच्यापुढं फक्त दोघं होते!

* * *

शिट्टीचा उल्लेख केला खरा, पण पहिल्या वर्षी शिट्टी नव्हती. त्या वर्षी रावसाहेबांनी ठरवलं होतं की गिरणीच्या पहिल्या भोंग्याला सुटायचं. सोलापुरात तेव्हा घड्याळ कुणाकडं होतं? सगळं गाव भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. कल्पना मलाही पटली. स्वस्त आणि मस्त!

नाताळची पहाट. हवेत अशी थंडी की बोललं की तोंडातून वाफ निघायची. सात रस्त्यावर मी चुन्यानं सरळ रेघ मारली होती. तिच्यामागं सगळे एक पाय पुढं टाकून, कमरेत वाकून उभे. कान भोंग्याकडं.

भोंगा काही होईना.

रावसाहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं. वेळ तर टळून गेली होती. पण ते म्हणाले, "गिरणीचं घड्याळ विलायतेहून आलेलं आहे. आपलंच पुढं गेलं असणार." आणि त्यांनी स्वतःचं घड्याळ मागं केलं!

वाकून वाकून पोरांच्या कमरा धरल्या. कुणी म्हणालं, "आता बसू का?" मी ओरडलो, "बसू नका! कुठल्याही क्षणी होईल!" कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यानं चहाचं दुसरं आधण चढवलं. उजाडलं. पाखरं ओरडायला लागली. शेवटी माझा संयम संपला.

"काय झालंय तरी काय आज? भोंगेवाला मेला की काय?"

"मेला न्हाय, मास्तर. हितंच हाय मी."

मी वळून बघितलं. रेघेवर तिसरा, एक पाय पुढं टाकून, कमरेत वाकलेला.

"अरे, मग तू इथं काय करतोयस?"

"भोंग्याची वाट बगतोय की!"

* * *

थंडीचाच आणखी एक प्रकार सांगतो, पुढच्या वर्षीचा. पळणारे उघडेबंब पळणार, पण पहाटे घरून उघडेबंब कसे येणार? म्हणून सगळे चादरी गुंडाळून आले. सोलापूरच ते! चादरींना काय तोटा? मी पण आदल्याच आठवड्यात घेतलेली नवीकोरी चादर पांघरून आलो होतो. उबेला बरी, आणि जरा मिरवायलाही.

शिट्टी झाल्याबरोबर सगळ्यांनी चादरी भिरकावल्या आणि सुटले. शिट्टी नीट फुंकता यावी म्हणून मीही माझी काढून बाजूला ठेवली होती. क्षणात सात रस्त्यावर चादरींचा ढीग! टांगे अडले. एक बैल चादरीवर उभा राहिला. मी एकटा त्या गोळा करतोय आणि टांगेवाले मला घाई करतायत. बरं, सगळ्या एकाच पेठेतल्या मागांवरच्या. तोच रंग, तीच वेलबुट्टी.

त्या सगळ्या एका हातगाडीवर घालून मैदानावर आणल्या. बक्षीस समारंभ राहिला बाजूलाच आणि चादरींवर तुंबळ युद्ध सुरू झालं. मी खुर्चीवर चढून ओरडलो, "भांडू नका! प्रत्येकानं आपापली चादर कशी होती ते सांगायचं!"

"माझी नवी होती!"

"माजी बी नवीच हुती!"

एकाचीही जुनी नव्हती! गर्दी पांगली, तेव्हा ढिगातली एकच चादर उरली. विटलेली, मधोमध भोक पडलेली. तिला कुणी वारस निघाला नाही. ती खांद्यावर टाकून मी घरी आलो.

बायकोनं चादर उलटसुलट करून बघितली. भोकातून माझ्याकडं बघत तिनं विचारलं, "पहिला नंबर कुणाचा आला मग?"

मी म्हटलं, "माझी चादर नेली त्याचा!"

* * *

आमच्या दौडीचा रस्ता तेलुगू विणकरांच्या गल्लीतून जायचा. गिरण्यांना सुट्टी असली तरी घरच्या मागांना कसली सुट्टी? ही मंडळी सकाळी सकाळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताचा ताणा बांधतात, त्याला खळ लावतात आणि मोठ्या ब्रशानं फिरवून वाळवतात. सगळी गल्ली अडते. तिथल्या लक्ष्मम्मांना आदल्या दिवशी मी हात जोडून सांगून आलो होतो की उद्या सकाळी एवढा रस्ता मोकळा ठेवा. त्यांनी मान हलवली. मी मराठीत सांगितलं होतं आणि त्यांनी तेलुगूत मान हलवली होती, हे मला नंतर कळलं.

त्या वर्षी सगळ्यांच्या पुढं होता पोस्टातला दामू. सडपातळ, चपळ. दोन वर्षं बिचारा दुसरा येत होता. गल्लीच्या कोपऱ्यावर तो वळला आणि लक्ष्मम्मांनी त्याला बघितलं. हातातला ब्रश उंच करून त्या ओरडायला लागल्या, "आगंडी! आगंडी!"

आता तेलुगूत 'आगंडी' म्हणजे 'थांबा'. दामूला ऐकू आलं 'आघाडी'!

आयुष्यात पहिल्यांदा एक अनोळखी बाई त्याला आघाडी म्हणत होती. दामूला स्फुरण चढलं. त्यानं हात वर करून त्यांना प्रतिसाद दिला आणि दुप्पट जोरात सुटला. लक्ष्मम्मा दुप्पट जोरात ओरडल्या, "आगंडी! आगंडी!" शेजारच्या घरांतल्या बायकाही बाहेर येऊन ओरडायला लागल्या. दामूला वाटलं, अख्खी गल्ली आपल्या बाजूनं आहे! छाती पुढं काढून, मान ताठ करून, तो ओल्या ताण्यात शिरला.

मी सायकलवरून पोचलो तेव्हा दामू उभा होता, पण दिसत नव्हता. सुताचं एक मोठं बुजगावणं, त्याला खळीचा वास, आणि आतून दम लागल्याचा आवाज. बाकीचे धावणारे बाजूच्या बोळातून निघून गेले. दुपारपर्यंत मी त्या गल्लीत उकिडवा बसून सूत सोडवत होतो. माझा एखादा धागा चुकला की लक्ष्मम्मा ब्रशाच्या दांड्यानं माझ्या बोटांवर हलकेच मारायच्या आणि तेलुगूत काहीतरी म्हणायच्या. ते मी भाषांतर न करताच समजून घेतलं.

शेवटी दामूचं तोंड मोकळं झालं. डोळे चमकत होते.

"मास्तर, काही म्हणा, पण त्या बाईंनी शेवटपर्यंत काय उत्तेजन दिलं हो!"

* * *

सूत तरी सोडवता येतं. सासरा कसा सोडवणार?

एका वर्षी गणपत पुढं होता. गिरणीतला तरणाबांड गडी, नुकतंच लग्न झालेला. सगळ्यांना त्यानं बरंच मागं टाकलं होतं. विजापूर रस्त्याच्या कोपऱ्यावर तो वळला आणि समोरून बैलगाडी आली. गाडीत मंद्रूपचे त्याचे सासरे. सुट्टीचा दिवस म्हणून लेकीकडं हुरडा घेऊन निघालेले.

गणपत जागच्या जागी थांबला. नवा जावई, अंगात फक्त अर्धी चड्डी. पळून पुढं जावं तर अपमान, थांबावं तर ही लाज! त्यानं वाकून नमस्कार केला.

"पावनं!" सासऱ्यांनी कासरा ओढला. "आमी येतोय म्हनताना निगालासा कुटं?"

"दौड हाय, मामा."

"कसली दौड? पोरगी बरी हाय न्हवं?"

"बरी हाय जी."

"मग कापडं कुटं गेली तुमची?"

तेवढ्यात कोपऱ्यावरून बाकीचे वळले. वीस-पंचवीस धटिंगण, उघडे, लालबुंद डोळ्यांचे, थेट जावयाच्या अंगावर येताना सासऱ्यांनी बघितले. क्षणात त्यांना सगळा उलगडा झाला! धोतर खोचून ते गाडीतून उतरले, हातात चाबूक घेतला आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

"या! येकयेक जन या!"

सगळी दौड थांबली. पैलवानसुद्धा थांबले. मी सायकल मारत पोचलो तेव्हा एका बाजूला दौड, दुसऱ्या बाजूला बैलगाडी आणि मधे चाबूक.

"अहो मामा, काय हे?"

"तुमी कोन? ह्या टोळीचं म्होरकं व्हय? आमच्या जावयानं काय वाकडं केलंय तुमचं?"

"अहो, कुणी त्याच्या मागं लागलेलं नाही! यांना त्याच्या पुढं जायचंय!"

सासरे विचारात पडले. त्यांनी चाबूक खाली केला.

"फकस्त म्होरं जायचंय?"

"फक्त पुढं जायचंय!"

"मग जावा की! जावई काय रस्त्यात आडवा पडलाय?" असं म्हणून त्यांनी गणपतचा हात धरला. "तुमी बसा गाडीत, पावनं. ह्यास्नी घाई हाय."

* * *

करीमभाई टांगेवाल्याची गोष्ट छोटी आहे. एक गडी पहिला आला. घाम नाही, दम नाही, धोतराची घडीसुद्धा मोडलेली नाही. मला शंका आली, पण पुरावा काय? रावसाहेबांनी हार उचलला, तेवढ्यात गर्दीतून करीमभाई टांग्यासकट आत आले.

"ठैरो, साब! ये आदमी मेरे टांगे में बैठको आया!"

गडी पळून गेला. पहिल्यांदाच पळाला! मी करीमभाईंचे आभार मानले. पण ते हलेचनात.

"तो पैला नंबर किसका, साब?"

"आता दुसऱ्याला देऊ."

"कैसा दुसरे को? पैले कौन पौंच्या? मेरा घोडा! सच में दौड्या कौन? मेरा घोडा!"

मी वाद घालायला तोंड उघडलं. पण रावसाहेबांना न्यायनिवाडा करायची सवय. ते म्हणाले, "मास्तर, मुद्दा कायदेशीर आहे." आणि त्यांनी हार घोड्याच्या गळ्यात घातला!

घोड्यानं तो खाल्ला. दुसरा हार आणलेला नव्हता.

* * *

रावसाहेबांचं भाषण हा दरवर्षीचा वेगळा ताप. पळून आलेली पोरं घामानं निथळत उभी, वरून गार वारा, आणि रावसाहेब बोलतायत. एका वर्षी व्यायामाचे फायदे सांगायला लागले. फुप्फुसं झाली, रक्ताभिसरण झालं, मग आवाज चढवून म्हणाले, "आणि मुख्य म्हणजे, नियमित धावणाऱ्या माणसाला कधीही सर्दी होत नाही!"

पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळे एका वेळी शिंकले.

रावसाहेब म्हणाले, "बघा! सत्य आहे!"

* * *

आता त्या वर्षाचं सांगतो, ज्या वर्षी सगळं सुरळीत पार पडलं.

त्या वर्षी रावसाहेबांनी वडिलांच्या स्मरणार्थ चांदीचा कप दिला होता. दोन कानांचा, लखलखीत. टेबलावर ठेवल्यापासून ते उपरण्यानं तो पुसत होते. शिट्टी वेळेवर झाली. गल्लीत ताणा नाही, रस्त्यात गाडी नाही, चौकीवरून अट नाही. मी आणि निलाप्पा रिबन धरून उभे राहिलो, तेव्हा मला भरून आलं होतं. इतक्या वर्षांनी एक दौड धड होणार!

आणि पहिला माणूस दिसला. कुणाच्या ओळखीचा नव्हता. उंच, काळासावळा, अनवाणी, धोतर वर खोचलेलं, पाठीला एक गठुडं बांधलेलं. पळणं असं की पाय जमिनीला लागतायत की नाही कळू नये. दुसरा माणूस अजून वळणावरही नव्हता. बँड सुरू झाला. लोक उभे राहिले. तो आला, रिबन त्याच्या छातीला लागली. त्यानं ती हलक्या हातानं काढली, पळता पळताच मांडवाच्या खांबाला अडकवली आणि तसाच पुढं गेला. मैदान ओलांडून, फाटकातून बाहेर, अक्कलकोट रस्त्याला!

"अहो! थांबा!" मी ओरडलो. बँड बंद पडला.

गर्दीतला गिरणीतला एक जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम, म्हणाला, "त्यो थांबायचा न्हाय, मास्तर. आमच्या खात्यातला हाय, ह्याच रस्त्यावरल्या वळसंगचा. सुट्टी आसली की आसाच गावाकडं जातो. बायकू वारली, बारकी पोरगी आजीपाशी हाय. पोरीला बगायचं आन् दिवस मावळायला माघारी."

"मग तो सात रस्त्यावर आमच्यात कसा आला?"

"गावाकडंच निगाला आसंल. शिट्टी वाजली, समदी पळाया लागली, ह्यो बी पळाला. त्येला तर तिकडंच जायचं हुतं की!"

मी कप टेबलावरच राहू दिला. म्हटलं, संध्याकाळी येईल तेव्हा देऊ. पण रावसाहेब उभे राहिले. "पहिला तो पहिला. माझ्या वडिलांच्या नावाचा कप असा ताटकळत राहायचा नाही. मास्तर, सायकल घ्या."

एका हातात कप, एका हातात हँडल. समोरून गार वारा. रस्ता कसला, नुसते खड्डे. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, बांधाबांधावर हुरड्याच्या आगट्या पेटलेल्या. लोक हाका मारत होते, "या मास्तर, हुरडा खायला!" मी घंटी वाजवत होतो. लांब पुढं ते गठुडं वरखाली होताना दिसायचं. जवळ आलं वाटलं की चढ लागायचा. दर चढाला मी ठरवत होतो की हा कप आता ज्वारीत फेकून द्यायचा आणि उद्या राजीनामा लिहायचा. सायकलवरून हाका मारायला गेलो, तर तोंडातून नुसती शिट्टी यायला लागली.

शेवटी एका विहिरीपाशी तो थांबला. मोट चालू होती. पाटातून पाणी वाहत होतं आणि तो काठावर उभा राहून त्या पाण्याकडं बघत होता.

मी उतरलो म्हणण्यापेक्षा पडलोच. रावसाहेबांनी मला निघताना दोन वाक्यं पढवली होती, 'मंडळाच्या वतीनं' वगैरे. त्यातला एक शब्द ओठांवर येईना. मी दोन्ही हातांनी कप पुढं केला आणि कसाबसा म्हणालो, "हे... हे तुमच्यासाठी..."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग कपाकडं. त्याचा चेहरा एकदम फुलला. त्यानं दोन्ही हातांनी कप घेतला आणि कपाळाला लावला. मला वाटलं, सुटलो एकदाचा!

तो पाटापाशी वाकला. कप भरून घेतला, गटागटा प्याला. परत भरला, परत प्याला. तिसऱ्यांदा भरून माझ्यासमोर धरला.

"घ्या, मास्तर. तुमी बी प्या. लई दम लागलाय तुमास्नी."

मी प्यालो. काय करणार? पाणी थंडगार होतं.

त्यानं कप विसळला, धोतराच्या सोग्यानं आतून-बाहेरून कोरडा पुसला आणि माझ्या हातात दिला.

"लई उपकार झाले बगा. भांडंच न्हवतं संगं, वंजळीनं कवा तहान भागायची? येवड्या लांबनं आलासा कुनाला पानी द्याया, आसली मानसं ऱ्हायली न्हाईत आता!"

आणि गठुडं पाठीवर सारून तो वळसंगच्या दिशेनं पळत सुटला.